बाळंतपण तिकडे की माहेरी? न्हावा-शेवा परिसरातील ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्रामसभा,
न्हावा, नवीन शेवा, हनुमान कोळीवाडा, जसखार, सोनारी, करळ

विषय: परदेशी नोकरीला असलेल्या कुटुंबांतील बाळंतपण कुठे करावे याविषयी

परदेशात नोकरीला असलेल्या जोडप्याकडून गोड बातमी आली की दोन्ही घरांत एकच चर्चा सुरू होते: बाळंतपण तिकडेच उरकायचे की मुलीला माहेरी आणायचे. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मिठागरे, भातखाचरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांतली पुढची पिढी त्यानंतर क्रेन, कंटेनर यार्ड आणि कस्टम क्लिअरिंगच्या कामांत शिरली. खलाशाची नोकरी तर या किनाऱ्याला त्याआधीपासून ओळखीची आहे. न्हाव्याचे ट्रेनिंग शिप रहमान पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी घडवत आले आहे. बंदरावर शिकलेले काम जगातल्या कुठल्याही बंदरावर चालते. दुबईचे जेबेल अली बंदर चालवणारी डीपी वर्ल्ड न्हावा शेव्यातही टर्मिनल चालवते. त्यामुळे दुबई, दमाम, मस्कत ही नावे या गावांना परकी राहिलेली नाहीत, आणि बाळंतपणाचा हा प्रश्नही आता एखाद-दुसऱ्या घरापुरता उरलेला नाही. लग्नाचा दाखला असो वा जन्माचा, त्यासाठी माणसे ग्रामपंचायतीच्याच दारात येतात, म्हणून हे पत्र ग्रामपंचायतींना.

चर्चा बहुधा नागरिकत्वापासून सुरू होते आणि तिथेच अडकून पडते. बाळ तिकडे जन्मले तर ते तिकडचे होईल, अशी आशा एका बाजूला असते. ते आपले राहणार नाही, अशी धास्ती दुसऱ्या बाजूला. आखातापुरते बोलायचे तर दोन्हींना आधार नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन या देशांत नागरिकत्व रक्ताच्या नात्याने, मुख्यतः वडिलांकडून मिळते. भारतीय जोडप्याचे मूल दुबईच्या रुग्णालयात जन्मले तरी ते भारतीयच असते, आणि तिथे राहण्यासाठी त्याला वडिलांच्या किंवा आईच्या व्हिसावरच राहावे लागते.

भारतीय कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ नुसार भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक होते. मात्र ३ डिसेंबर २००४ पासून आईवडील दोघे भारतीय असणे, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे आवश्यक आहे. परदेशात जन्मलेल्या भारतीयाच्या मुलासाठी कलम ४ आहे. त्यानुसार मूल वंशाने नागरिक होते, पण ३ डिसेंबर २००४ नंतरच्या जन्मांना एक अट लागली: जन्माची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत झाली पाहिजे आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांनी लिहून दिले पाहिजे. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. जन्माने नागरिक आणि वंशाने नागरिक यांच्यात मतदान, पासपोर्ट किंवा सरकारी नोकरी या बाबतींत पुढे काही भेद केला जात नाही. थोडक्यात, आखातातल्या कुटुंबासाठी जन्माची जागा नागरिकत्व ठरवत नाही. वर्षाच्या आत केलेली नोंद मात्र ठरवते. ही नोंद राहून जाते ती बहुधा निष्काळजीपणाने नव्हे, तर बाळाचा स्थानिक दाखला हातात आला म्हणजे काम झाले अशा समजुतीने.

अमेरिका आणि कॅनडा यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे भूमीवर जन्मणाऱ्याला नागरिकत्व मिळण्याची परंपरा आहे. अमेरिकेत ती राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतून आली. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश २० जानेवारी २०२५ रोजी निघाला, न्यायालयांनी तो रोखला आणि वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ब्रिटनने ही वाट १ जानेवारी १९८३ पासून, ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून आणि आयर्लंडने २००५ पासून अरुंद केली; आता तिथे आईवडिलांचा दर्जा पाहिला जातो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे अमेरिकी पासपोर्टवर वाढणारे मूल इथे परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय कार्डधारक म्हणून येते. त्याला आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, मत मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. केवळ पासपोर्टसाठी पोटुशी बाईला विमानाने हलवणे हा मात्र बाळाच्या नावाने लावलेला जुगार आहे, कारण ज्या नियमाच्या भरवशावर प्रवास होतो तो नियम मूल मोठे होईपर्यंत टिकेल याची हमी कोणी देत नाही.

या किनाऱ्यावर जमिनीची चिंता खरी आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून उभी राहिली. ज्या घरांनी जमीन देऊन मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे मारले, त्या घरातल्या आजोबांना नातू परदेशात जन्मला तर त्याचा हक्क जाईल का, असे वाटणे साहजिक आहे. तो जात नाही. वारसा नात्यावर ठरतो, जन्माच्या गावावर नव्हे. मूल पुढे परदेशी नागरिक झाले आणि ओसीआय कार्ड घेतले, तरी परकीय चलनविषयक नियमांनुसार त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र घेता येते. जातीच्या दाखल्याचेही तसेच. आगरी कुटुंबांना लागणाऱ्या इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पूर्वजांचा रहिवास पाहिला जातो. बाळ उरणला जन्मले की अबू धाबीला, याने त्या पुराव्यात काही घट होत नाही. जन्मस्थळ थोडेफार उपयोगी पडते ते वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र काढताना. जन्म महाराष्ट्रातला असेल तर पुरावा सोपा होतो. नसेल तर राज्यातला दीर्घ रहिवास दाखवावा लागतो. एवढ्यासाठी बाळंतपणाचे ठिकाण ठरवण्याची गरज नाही.

नागरिकत्व, जमीन आणि जात बाजूला काढली की खरा प्रश्न उघडा पडतो: पहिले चाळीस दिवस बाईजवळ कोण असणार, आणि काही बिनसले तर तासाभरात कुठले रुग्णालय गाठता येणार.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीत पुष्कळ शहाणपण आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलीला आणले जाते, पाचवीला सटवाईची पूजा होते, बाराव्या दिवशी बारसे. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. या विधींच्या आड घरातल्या चार बायकांच्या कामाची वाटणी दडलेली असते. एक बाळाला न्हाऊमाखू घालते, एक अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू पाहते, एक रात्री बाळ रडले की उठते, आणि बाळंतिणीला दोन तास सलग झोप मिळते. अंगावर पाजण्याचे तंत्र पहिल्या आठवड्यात जमले नाही तर बाटली येते. ते जमवून देणारी अनुभवी बाई शेजारी असणे हे कुठल्याही विम्याने न मिळणारे साहाय्य आहे. बाळंतपणानंतर येणारी उदासी, विनाकारण रडू, बाळाकडे पाहवेनासे होणे हेही माहेरच्या बायकांच्या लवकर लक्षात येते. शारजातल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये नवरा बारा तासांच्या पाळीला गेल्यावर ते कोणाच्याच लक्षात येत नाही. अमिरातीत खासगी क्षेत्रातल्या बापाला पाच दिवसांची रजा मिळते. नोकरी करणाऱ्या आईला तिथे ६० दिवस मिळतात, त्यांतले ४५ पूर्ण पगाराचे आणि १५ अर्ध्या पगाराचे. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा आहे. तिकडे नोकरी करणाऱ्या मुलीला अर्थात तिचा उपयोग नसतो.

काही रीतींना मात्र निरोप द्यायला हवा, मग बाळंतपण कुठेही होवो. बंद खोलीत शेगडीचा धूर बाळाच्या छातीला अपाय करतो. पहिला चीक न पाजता मधाचे बोट चाटवणे धोक्याचे आहे. नाळेवर काहीही लावू नये. दुबईत शिकून आलेली लेक असे काही म्हणाली की तिला शहरी वारे लागल्याचे ऐकवले जाते. पण या बाबतीत तिचे म्हणणेच बरोबर असते.

माहेरच तिकडे नेण्याचा मार्गही आहे. आई भेटीच्या व्हिसावर जाते, सामानात बाळंतकाढा, सुंठ आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी नेते. अडचण वेगळीच निघते: कोळीवाड्यातल्या कितीतरी आज्यांनी आजवर पासपोर्टच काढलेला नसतो. दिवस गेल्याचे कळताच आजीचा पासपोर्ट करायला टाकला तर निदान ही वाट मोकळी राहते.

इकडे यायचे ठरले तर सगळे गणित आठवड्यांचे होते. समजा, जसखारची मुलगी नवऱ्याबरोबर शारजाला आहे. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरचे पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर विमानात चढू देत नाहीत. जुळे असेल तर ही मर्यादा आणखी अलीकडे येते. म्हणून तिने ३१ व्या आठवड्यात येणे बरे. सोबत तिथल्या तपासण्यांची पूर्ण फाइल हवी: रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सगळ्या सोनोग्राफी. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिले की नाही, दिले तर कधी, हे लेखी असावे. तिथल्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगितले जाते. इथे १९९४ च्या कायद्याने ते सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे, आणि तिकडून आणलेल्या माहितीवरून इथे कोणी कुजबूज सुरू केली तर ग्रामपंचायतीने ती तिथल्या तिथे थांबवली पाहिजे.

३१ व्या आठवड्यात आलेली मुलगी ४० व्या आठवड्यात बाळंत झाली तर ६३ दिवस गेले. अमिरातीचा रहिवासी व्हिसा सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिल्यास सर्वसाधारणपणे रद्द होतो. उरले ११७ दिवस. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पासपोर्टला बाळाचे नाव हवे, म्हणून बारसे होऊन नाव दाखल्यावर चढल्याशिवाय पुढची गाडी हलत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सहीचे घोषणापत्र लागते. नवरा शारजात असेल तर त्याची सही आधीच मागवून ठेवावी; अनेक घरांत सगळे कागद तयार असतात आणि एवढ्या एका सहीसाठी पंधरवडा जातो. पासपोर्ट आला की वडील तिथून बाळाचा प्रवेश परवाना काढतात. लसीकरणाचे ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस पूर्ण करून निघायचे म्हटले तर जन्मापासून ९८ दिवस होतात. ६३ आणि ९८ मिळून १६१. हाताशी उरतात १९ दिवस. एवढ्या फटीत सारे बसते, पण बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले आणि काचेच्या पेटीत महिना गेला तर ही फट बुजते. त्यासाठी मुदत संपण्याआधी नवऱ्याने तिथे चौकशी करून ठेवावी; मुदत उलटल्यावर मार्ग महाग होतो.

वेळापत्रक कितीही नीट आखले तरी रुग्णालय नीट नसेल तर उपयोग नाही. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचा आकडा ९७ होता. राज्य त्या मानाने पुढे आहे, पण राज्याचा आकडा मध्यरात्री करळ फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्या रिक्षाला लागू होत नाही. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांत जीव जाऊ शकतो. उरणला १०० खाटांचे रुग्णालय व्हावे ही मागणी उरणकरांनी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. देशातल्या कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा ज्या तालुक्यातून जातो, तिथल्या अवघडलेल्या बाईला आजही वाशी, नेरूळ किंवा पनवेल गाठावे लागते. परदेशातून येणाऱ्या लेकी हे पाहतात आणि तिकडेच राहायचे ठरवतात. त्यात त्यांचे चुकत नाही. गावात कायम राहणाऱ्या बायांना मात्र तो पर्याय नसतो, म्हणून ही मागणी परदेशस्थांच्या सोयीपुरती समजू नये.

१२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि एक नवी दिशा मिळाली. चिर्ल्याहून शिवडीला उतरले की परळ जवळ येते. तिथे १९२६ पासूनचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आहे, लहान मुलांचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे आणि केईएम आहे. जोखमीच्या बाळंतपणासाठी, म्हणजे जुळे, वाढलेला रक्तदाब, आधीचे सिझेरियन किंवा बाळाच्या हृदयाची शंका असेल तर, हा पर्याय आता सातव्या महिन्यातच पाहून ठेवता येतो. सेतूवर रिक्षा आणि दुचाकी चालत नाहीत, तेव्हा गाडी कोणाची, चालक कोण, रात्री फोन कोणाला, हे आधी ठरलेले हवे. १०८ आणि १०२ हे क्रमांक आजीच्या मोबाइलमध्ये असावेत.

रुग्णालय निवडताना इमारतीपेक्षा काही साध्या गोष्टी विचाराव्यात. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतो, रक्त कुठून आणतात, नवजात बाळासाठी अतिदक्षता कक्ष त्याच इमारतीत आहे का. सिझेरियनबद्दलही स्पष्ट बोलावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सगळ्या प्रसूती धरल्या तर प्रमाण २१.५ टक्के होते. परतीचे तिकीट काढलेल्या, नवऱ्याच्या रजेत बाळंतपण बसवू पाहणाऱ्या कुटुंबाला तारीख ठरवून शस्त्रक्रिया करण्याचा मोह सहज होतो. ३९ आठवड्यांच्या आत, वैद्यकीय कारणाशिवाय, तो मोह आवरावा. बाळाच्या फुप्फुसांना शेवटचे ते दिवस लागतात.

बाळंतपण तिकडे करायचे ठरले तर पहिला कागद लग्नाचा. आखातात रुग्णालयात नाव घालताना, आणि पुढे बाळाचा दाखला काढताना, साक्षांकित विवाह प्रमाणपत्र मागितले जाते. ओमान, बहरीन आणि सौदी अरेबिया अपोस्टिल हा आंतरराष्ट्रीय शिक्का मानतात. अमिराती, कुवेत आणि कतार मानत नाहीत. त्यांच्यासाठी राज्याच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयात आणि शेवटी त्या देशाच्या वकिलातीत शिक्के घ्यावे लागतात. महिना सहज जातो, म्हणून हे काम मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा विमानात बसण्यापूर्वीच व्हावे. दुबईत नवजात बाळाला पहिले ३० दिवस आईच्या विम्याचे छत्र असते, आणि अमिरातीत जन्मलेल्या बाळाचा रहिवास १२० दिवसांत करून घ्यावा लागतो. पुढे दररोजचा दंड. तेवढ्या काळात स्थानिक दाखला, वकिलातीतली नोंद, भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा हे चारही टप्पे त्याच क्रमाने उरकतात. सौदीत खर्चाचे आणखी एक कलम आहे. २०१७ मध्ये तिथे परदेशी कामगाराच्या प्रत्येक कुटुंबीयावर महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि २०२० पर्यंत ते ४०० झाले. बाळही त्या मोजणीत येते. मध्यम पगाराच्या माणसाने बाळंतपणाच्या बिलाआधी हा वर्षाचा आकडा मांडून पाहावा.

तिकडच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. नवरा जवळ असतो, बाळाला जन्मतः पाहतो. ज्या डॉक्टरने पहिल्या महिन्यापासून तपासले तीच शेवटी हाताशी असते. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जन्मजात विकारांची तपासणी अमिरातीत सर्रास होते. इथे ती मागून करून घ्यावी लागते. दुसरे बाळंतपण असेल आणि थोरले मूल तिथल्या शाळेत असेल, तर पाच महिने शाळा बुडवून इकडे येण्यापेक्षा आजीला तिकडे नेणे अधिक शहाणपणाचे. गर्भारपण गुंतागुंतीचे झाले असेल तर प्रवासच नको. पहिली खेप, नवऱ्याची लांबलचक पाळी, तिथे ना बहीण ना वहिनी, आणि इकडे मात्र चांगल्या रुग्णालयात नाव घातलेले, अशी स्थिती असेल तर माहेरचे पारडे निःसंशय जड. तिकडे जन्मलेले बाळ सहा महिन्यांच्या आत गावी आले तर लसीचे कार्ड आशाताईंना दाखवावे. अमिरातीत प्राथमिक डोस २, ४ आणि ६ महिन्यांना, इथे ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. मधला डोस राहतो किंवा दोनदा दिला जातो तो या फरकामुळे.

जहाजावर असलेल्यांच्या घरी ही निवडच नसते. बायको गावातच असते, नवरा सहा-सात महिने समुद्रावर. त्यांच्यासाठी प्रश्न जागेचा नसून करार कधी संपतो याचा आहे. प्रसूतीची अंदाजे तारीख कळताच जहाजावर माणसे पाठवणाऱ्या मॅनिंग एजंटला लेखी कळवले तर उतरण्याचे बंदर आणि बदली माणूस यांची जुळवाजुळव शक्य होते. शेवटच्या महिन्यात सांगितले तर जहाज अटलांटिकमध्ये असते. रुग्णालयाच्या संमतीपत्रावर बाईची स्वतःची सही पुरते. नवरा जवळ नाही म्हणून शस्त्रक्रिया थांबवून ठेवू नये, हे सासरच्या मंडळींना आधीच समजावून सांगावे.

ग्रामपंचायतीच्या हातात यातले बरेच आहे. ग्रामपंचायत अधिकारी गावचा विवाह निबंधक असतो आणि जन्म-मृत्यू निबंधकही. विवाह नोंदवताना पासपोर्टवरचे नाव अक्षरन्‌अक्षर पाहून लिहिले, तर पुढे तीन देशांतल्या खिडक्या वाचतात. मुलीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, मधले नाव आणि आडनाव यांचा घोळ एकदा विवाहाच्या दाखल्यात शिरला की तो बाळाच्या दाखल्यापर्यंत जातो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि महसुली कागदांवर मुलाचे, आईचे, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम राज्याने घालून दिला आहे. परदेशी दाखल्यावरचा क्रम त्याहून वेगळा असतो, हे पालकांच्या आधीच कानावर घालावे. जन्माची नोंद आईच्या गावी होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते, हेही लोकांना ठाऊक नसते. वाशी-नेरूळला झालेल्या जन्माचा दाखला नवी मुंबई महापालिका देते, पनवेल शहरातल्या जन्माचा पनवेल महापालिका, उरण शहरातल्या जन्माचा नगरपरिषद. ग्रामपंचायतीत चार चकरा मारल्यावर हे कळले तर २१ दिवसांतले निम्मे संपलेले असतात. कार्यालयाच्या दर्शनी भागात एवढी माहिती फलकावर लावायला फारसा खर्च येत नाही. उरणच्या रुग्णालयाचा ठराव मात्र प्रत्येक ग्रामसभेने दरवर्षी घ्यावा आणि त्यात प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व रक्तसाठा हे तीन शब्द स्पष्ट लिहावेत, कारण यांच्याशिवाय खाटा वाढल्या तरी बाळंतिणीला पुढच्या गावालाच पाठवले जाते.

नोकरी संपवून कायमचे परतणाऱ्या कुटुंबांसाठी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. परदेशात जन्मलेल्या ज्या मुलाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत झालेली नाही, त्याचे आईवडील भारतात स्थायिक होण्यासाठी परतले असतील, तर मूल भारतात पोचल्यापासून ६० दिवसांत जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० खाली इथे नोंद करता येते. ही नोंद जन्माची असते. नागरिकत्वासाठी वकिलातीतल्या नोंदीची वर्षाची मुदत वेगळी चालू राहते, आणि ती टळली असेल तर केंद्राच्या परवानगीचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.